‘सेफ’ लावा म्हणजे चार्ट दिसेल, एवढी चौकट कृपया मागे घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत वेबसाइट बनवण्यावर जी लेखमाला चालू आहे ती मी पहिल्या भागापासून वाचतेय, आमच्या वर्गाच्या ग्रुपवर पण टाकते, मराठीत असं कोणी सोपं करून लिहितंय याचं खरंच बरं वाटतं. पण या वेळच्या भागात जँगोच्या (पायथन भाषेत वेबसाइट बनवायची तयार व्यवस्था) पानावर चार्ट कसा लावायचा ते सांगून झाल्यावर खाली एक चौकट आहे, चार्ट दिसत नसेल तर व्हेरिएबलच्या पुढे सेफ फिल्टर (पानावर जाणाऱ्या माहितीवर वाटेत संस्कार करणारा शब्द) लावा, लगेच दिसेल. लगेच दिसतो हे खरंय, आणि तीच भानगड आहे म्हणून पत्र लिहायला बसले.

मी पुण्यात एका डिप्लोमा कॉलेजात वेब प्रोग्रामिंग शिकवते. प्रोजेक्ट सबमिशनच्या आठवड्यात टेम्प्लेटच्या, म्हणजे पानाच्या साच्याच्या, फायली उघडून बघितल्या की हे सेफ जागोजागी चिकटवलेलं असतं, विचारलं की बाळा हे कशाला, तर उत्तर ठरलेलं, मॅडम त्याशिवाय चार्ट येत नाही. कुठून घेतलं, तर सिनियरच्या प्रोजेक्टातून. सिनियरने त्याच्या सिनियरकडून. आता आपल्या पेपरात छापून आलंय म्हटल्यावर पुढची पाच वर्षं मला कोणी ऐकणारच नाही. आणि मी हे पोरांना हसून सांगत नाहीये, मी स्वतः याच खड्ड्यात पडलेय, एकदा नाही, लागोपाठ तीनदा, तेच सांगते.

आम्ही सिंहगड रोडला राहतो. २०२४ च्या जुलैत एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हापासून आमच्या सोसायटीत पावसाळ्यात सकाळी दुधाच्या पिशवीच्या आधी धरणाचे आकडे लागतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, किती टक्के, विसर्ग किती. ग्रुपवर रोज कोणीतरी पेपरातल्या तक्त्याचा तिरका फोटो टाकायचं आणि त्यावर अंगठा आलेला असायचा. म्हटलं आपण शिकवतो काय आणि वापरतो काय, एक छोटं पान करू, रोज सकाळी मी आकडे भरीन, चार धरणांच्या चार रेघा दिसतील. जँगो आणि चार्ट जेएस ही चार्ट काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी. एका संध्याकाळचं काम.

पान उघडलं तर पांढरा चौकोन. चार्ट नाही की एरर नाही. क्रोममध्ये कन्सोल (ब्राउझर चुका लिहितो ती जागा) उघडला तेव्हा लाल अक्षरात दिसलं, अनएक्स्पेक्टेड टोकन, आणि पुढे अवतरणात एकटं अँपरसँडचं चिन्ह, &. मी तर कुठे & लिहिलाच नव्हता. मग व्ह्यू सोर्स केलं, म्हणजे पानाचा मूळ कोड बघितला, तर ‘खडकवासला’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना जिथे सिंगल कोट असायला हवा तिथे अँपरसँड, हॅश, एक्स, सत्तावीस, सेमिकोलन असं एक स्तोत्र आलेलं.

हे का होतं ते आपल्या लेखात राहून गेलंय, आणि ते कळलं नाही तर पुढचं सगळं जादूटोणा वाटतं. जँगोच्या टेम्प्लेटमध्ये दुहेरी महिरपी कंसात जे काही टाकाल ते बाहेर पडताना त्यातली पाच चिन्हं बदलून येतात, लहान-मोठ्याची दोन, दोन्ही कोट आणि अँपरसँड. १.० व्हर्जनपासून, म्हणजे २००८ पासून हे आपोआप होतं. आणि ते चांगल्यासाठीच आहे, कोणी नावाच्या रकान्यात एचटीएमएल टाकलं तर ते चालू नये, नुसतं दिसावं. साध्या पानावर ब्राउझर ते स्तोत्र वाचून परत कोट दाखवतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण स्क्रिप्ट टॅगच्या आत ब्राउझर हे उलटं भाषांतर करतच नाही, तिथे जे लिहिलंय ते जसंच्या तसं जावास्क्रिप्टच्या हातात देतो, आणि जावास्क्रिप्टला ते & म्हणजे काय ते कळत नाही, मग ती सगळी स्क्रिप्टच टाकून देते. एका कोटाचा प्रश्न आणि अख्खा चार्ट गायब.

मी पण तेव्हा तेच केलं जे आपल्या चौकटीत आहे. नेटवरच्या जुन्या एका उत्तरातून सेफ उचललं, लावलं, चार्ट आला, चहा केला, ग्रुपवर लिंक टाकली, चाळीस अंगठे आले.

पुढच्या आठवड्यात मी गावाला गेले होते, मोबाइलवरून आकडे भरताना पानशेतचा आकडा राहून गेला. पान परत पांढरं. या वेळी कन्सोल म्हणतो, नन इज नॉट डिफाइन्ड. कारण सेफ लावून मी पायथनची यादी जशीच्या तशी जावास्क्रिप्टमध्ये ओतत होते, आणि पायथनमध्ये रिकाम्या जागेला नन म्हणतात, जावास्क्रिप्टमध्ये नल. ट्रू-फॉल्सचं पण तेच, तिकडे पहिलं अक्षर मोठं, इकडे लहान. तारीख दिलीत तर जावास्क्रिप्ट विचारते हे डेटटाइम काय प्रकरण आहे. दोन्ही भाषांच्या याद्या चौकोनी कंसात असतात म्हणून त्या एकसारख्या वाटतात, मराठी आणि हिंदीची लिपी एक आहे म्हणून भाषा एक होते का? तसं.

मग मी काय केलं, घाईत व्ह्यूमध्ये, म्हणजे पानाला माहिती पुरवणाऱ्या पायथनच्या कोडात, ‘ऑर झिरो’ टाकलं. आकडा नसेल तर शून्य. चार्ट आला. दहा मिनिटांत आमच्या बी विंगमधल्या आजोबांचा फोन. वय शहाऐंशी, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा हे शनिवार पेठेत राहायचे, पाणी डोळ्यांनी बघितलेला माणूस. नातवाने मोबाइल दाखवला, पानशेतची रेघ छान चढत चढत आलेली आणि आजच्या तारखेला धाडकन खाली, शून्य. आजोबा म्हणाले, “अगं, काय झालं? पानशेत गेलं का पुन्हा?”

मला हसावं का रडावं कळेना. मी सांगितलं की आजोबा धरण ठणठणीत आहे, माझा आकडा राहिलाय. ते म्हणाले मग रेघ तुटलेली दाखव ना, खोटी कशाला दाखवतेस? बरोबरच होतं त्यांचं. चार्ट जेएसला तुम्ही नल दिलंत तर ते तेवढ्यापुरती रेघ तोडतं, मोकळी जागा सोडतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. माहिती नाही आणि शून्य यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो मी एका ‘ऑर झिरो’ने पुसून टाकला होता, कशासाठी, तर सेफने उघडा पडलेला नन लपवायला.

तिसरा प्रसंग जरा लाजिरवाणा आहे. आता लोकांना हौस आली, म्हणाले आमच्याकडे किती पाऊस झाला ते पण दाखवा, कोणाच्या गच्चीवर पर्जन्यमापक, कोणाच्या बागेत बाटली. मी एक फॉर्म केला, ठिकाण आणि मिलिमीटर. आणि बार चार्टची लेबलं बनवायला टेम्प्लेटमध्येच फॉर लूप फिरवला, सिंगल कोट, आत ठिकाण, सिंगल कोट, स्वल्पविराम. आमच्या वर्गात पोरं हमखास हीच पद्धत वापरतात, आपल्या लेखातला दुसरा नमुना पण हाच आहे. एका काकांनी ठिकाणाच्या रकान्यात आधी सोसायटीचं नाव लिहिलं, मग एन्टर मारून खाली वडगाव बुद्रुक. झालं. जावास्क्रिप्टमध्ये कोट उघडल्यावर तो त्याच ओळीत बंद व्हावा लागतो, मध्ये ओळ तुटली की स्क्रिप्ट संपली. काकांच्या एका एन्टरने सगळ्या सोसायटीचा चार्ट पांढरा. आणि गंमत बघा, इथे सेफ काढलं असतं तरी वाचले नसते, कारण ते जँगोचं आपोआप बदलणं एन्टरला हातच लावत नाही.

त्याच रविवारी कोणाच्या तरी इंजिनिअरिंगच्या मुलाने ठिकाण म्हणून स्क्रिप्टचा बंद करायचा टॅग लिहिला, त्यापुढे स्वतःची एक छोटी स्क्रिप्ट. सेफ लावलेलं होतंच. ब्राउझरचं असं आहे की स्क्रिप्ट वाचताना त्याला बंद करायचा टॅग दिसला की तो तिथे थांबतो, तो टॅग कोटाच्या आत आहे की बाहेर हे बघत बसत नाही. माझी स्क्रिप्ट तिथे तुटली आणि त्याची चालू झाली, पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर खिडकी, “मॅडम तुमचं पान हॅक झालंय”. मुलगा चांगला होता, आईने कान धरून आणला, सॉरी म्हणाला. पण मी रोज सकाळी ॲडमिन म्हणून लॉगिन करून तेच पान उघडायचे. त्याच्या मनात वाईट असतं तर ती खिडकी दाखवण्याऐवजी त्याची स्क्रिप्ट माझ्या नावाने गुपचूप धरणांचे आकडे बदलत बसली असती, आणि पावसाळ्यात सिंहगड रोडला खोटा विसर्ग दाखवणं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

या फिल्टरच्या नावातच घोटाळा आहे असं माझं मत आहे. सेफ म्हटलं की वाटतं लावल्याने पान सुरक्षित होईल. अर्थ उलटा आहे, तुम्ही जँगोला हमी देताय की हा मजकूर सुरक्षित आहे, मी तपासलाय, तू लक्ष घालू नकोस. जामीन राहण्यासारखं आहे ते. अनोळखी माणसाने फॉर्ममध्ये भरलेल्या मजकुराला कोण जामीन राहतं?

आता उपाय. टेम्प्लेटला जावास्क्रिप्ट लिहायलाच लावायची नाही. टेम्प्लेटने फक्त डबा पोचवायचा, उघडायचं काम जावास्क्रिप्टचं. जेसन म्हणजे माहिती साध्या मजकुरात लिहायची एक रीत, जँगोत यासाठी जेसन स्क्रिप्ट नावाचा फिल्टर आहे, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर, २.१ व्हर्जनपासून, म्हणजे ऑगस्ट २०१८ पासून. व्ह्यूमधून तुमची डिक्शनरी किंवा यादी जशी आहे तशी पाठवा, आधी स्वतः जेसन करू नका (पोरं इथे दोनदा जेसन करतात आणि मग पलीकडे यादीच्या जागी एक लांबलचक स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरांची माळ, येते), टेम्प्लेटमध्ये व्हेरिएबलला हा फिल्टर लावून एक आयडी द्या. तो एक वेगळा स्क्रिप्ट टॅग तयार करतो ज्याचा टाइप ॲप्लिकेशन-जेसन असतो, म्हणून ब्राउझर तो चालवत नाही, नुसता ठेवून देतो. लहान-मोठ्याची चिन्हं आणि अँपरसँड बॅकस्लॅश-यूच्या रूपात जातात, त्यामुळे आत कोणी बंद करायचा टॅग लिहिला तरी ब्राउझरला तो दिसत नाही. एन्टर बॅकस्लॅश-एन होतो. नन आपोआप नल होतो. मग तुमच्या जावास्क्रिप्टमध्ये त्या आयडीवरून टॅग शोधायचा, त्याचा टेक्स्ट कंटेंट घ्यायचा, जेसन पार्सला द्यायचा. दोन ओळी. माझे तिन्ही प्रसंग या दोन ओळींत मिटले असते. वर एक फायदा, तुमची जावास्क्रिप्ट आता वेगळ्या फायलीत ठेवता येते कारण तिच्यात टेम्प्लेटचा एकही कंस उरलेला नसतो.

सोर्स बघून घाबरू नका, एवढं मात्र लिहा. तिथे मराठी अक्षरांच्या जागी बॅकस्लॅश-यू आणि आकडे असं भेंडोळं दिसतं, आमच्याकडे एकाने मराठी बिघडलं म्हणून सगळी लेबलं इंग्रजीत केली होती. बिघडलेलं नसतं, पार्स केलं की खडकवासला परत खडकवासलाच होतो.

जँगोसारखंच पायथनमधलं दुसरं साधन फ्लास्क, त्यासाठी टूजेसन हा फिल्टर आहे, पीएचपीतल्या लारावेलमध्ये जेएस फ्रॉम. नावं वेगळी, हेतू तोच.

एक नवीन खड्डा मात्र यात आहे आणि मी त्यात पण पडले. माझ्या मॉडेलमध्ये (डेटाबेसातल्या तक्त्याची मांडणी) साठा आणि क्षमता दोन्ही डेसिमल फील्डमध्ये होते. हा फिल्टर डेसिमलला आकडा म्हणून पाठवत नाही, कोटात घालून स्ट्रिंग म्हणून पाठवतो, दशांशात गडबड होऊ नये म्हणून. चार्टला फरक पडत नाही, तो त्यातून आकडा काढून घेतो. पण मी वरती चारही धरणांची एकूण क्षमता दाखवायला जावास्क्रिप्टमध्येच बेरीज केली होती. खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, शेंबडं पोर पण सांगेल २९.१५ टीएमसी. माझ्या पानावर आलं ०१.९७१०.६५१२.८२३.७१. शून्यापासून सुरू करून चारही आकडे एकापुढे एक डब्यांसारखे जोडलेले, कारण जावास्क्रिप्टमध्ये अधिकचं चिन्ह स्ट्रिंगला भेटलं की बेरीज नाही, जोडणी. ग्रुपवर कोणीतरी विचारलं हा धरणाचा साठा आहे की आधार नंबर. बेरजेआधी नंबर करून घ्या, किंवा सरळ व्ह्यूमध्येच बेरीज करून पाठवा.

लेखातली अजून एक गोष्ट, ही चौकटीत नाही, कोडमध्ये आहे. चार्ट जेएसची लिंक व्हर्जन नंबर न घालता दिलीय, म्हणजे येणार ताजं व्हर्जन, पण अक्षांची मांडणी वाय-ॲक्सेस असं अनेकवचन लिहून चौकोनी कंसात दिलीय, ती जुन्या दोन नंबरच्या व्हर्जनची. २०२१ मध्ये तीन आलं तेव्हा ते बदललं, आता नुसतं वाय लिहून महिरपी कंस. जुनं लिहिलंत तर चार्ट येतो पण तुमची अक्षाची सेटिंग गुपचूप बाजूला पडते, कन्सोलमध्ये एक ओळ येते ती कोणी बघत नाही. मग अक्ष शून्यापासून सुरू करा असं लिहूनसुद्धा रेघेचा चार्ट भलतीकडूनच सुरू होतो आणि दोन टक्के वाढ म्हणजे धरण भरलं असं वाटतं. लिंकमध्ये व्हर्जन लिहायला सांगा, बस.

आता आपल्याच वेबसाइटबद्दल थोडं, रागावू नका. पावसाळ्यात धरणांचा तक्ता आपण साइटवर टाकता तो छापील पानाचा फोटो असतो. मोबाइलवर बोटांनी मोठा करावा लागतो, आजच्याशी कालचा ताडून बघता येत नाही. आपल्याला माहीत असेल किंवा नसेल, हा जँगो जन्मालाच आला एका पेपरच्या कचेरीत. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे, तिथल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या पेपरच्या वेबसाइटसाठी २००३ मध्ये एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी तो लिहायला घेतला, कारण बातमीदाराला आज दुपारी पान हवं असायचं, पुढच्या महिन्यात नाही. २००५ च्या जुलैत तो सगळ्यांना खुला केला. (नाव जँगो राइनहार्ट या गिटारवाल्यावरून, त्यातला डी उच्चारायचा नाही, माझी पोरं दरवर्षी डीजँगो म्हणतात.) चार्ट काढायची डी-थ्री ही दुसरी प्रसिद्ध लायब्ररी ज्याने केली तो माइक बोस्टॉक नंतर न्यूयॉर्क टाइम्समध्ये ग्राफिक्स करायचा. म्हणजे हे काम बातमीवाल्यांचंच आहे, आयटी पार्कमधून उसनं आणायचं नाही.

आणि करायला घेतलंत तर मराठी वाचकासाठी नीट करा. चार्ट जेएसमध्ये लोकेल नावाची एक सेटिंग आहे, तिथे मराठी-भारत दिलं की अक्षावरचे आकडे देवनागरीत येतात आणि स्वल्पविराम लाख-कोटीच्या जागी पडतात. नाहीतर मराठी बातमीत दहा लाखाचा आकडा तीन-तीन घरांवर तोडलेला बघून आमच्यासारख्यांना मोजायला बोट लावावं लागतं. आणि चार्टच्या खाली खराखुरा तक्ता ठेवा, फोटो नव्हे. चार्ट जेएस कॅनव्हासवर, म्हणजे नुसत्या चित्राच्या फळीवर, रंगवतं, स्क्रीन रीडर वापरणाऱ्या वाचकाला त्या कॅनव्हासमधलं काहीही ऐकू येत नाही, त्याच्यासाठी तो कायमच पांढरा चौकोन.

तर विनंती एवढीच, पुढच्या रविवारी तेवढ्याच आकाराची चौकट छापा आणि त्यात सेफच्या जागी जेसन स्क्रिप्ट लिहा. लेखकाला दोष देत नाही, मी पण दोन वर्षं वर्गात सेफच शिकवत होते, त्या दोन बॅचच्या पोरांनी हे पत्र वाचलं तर त्यांनी आपापली जुनी प्रोजेक्ट उघडून बघावीत.

आपली नियमित वाचक,
एक शिक्षिका, सिंहगड रोड, पुणे
(नाव छापू नये, सोसायटीत आधीच बरंच हसून झालंय)

ता.क. – आजोबा आता रोज सकाळी पान उघडतात पण चार्टकडे बघत नाहीत, खालचा तक्ता बघतात आणि वहीत उतरवतात. परवा त्यांनी वरसगावच्या आकड्यात माझी एक चूक काढली, दशांश चिन्ह एक घर सरकलं होतं.